घरबसल्या आरोग्यशास्त्र

वाचकहो, चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि संसारात पुरत्या गुंतलेल्या स्त्रीने पुन्हा विद्यार्थिनी व्हावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना कौतुक वाटेल, तर काहींना हसू येईल. आमच्या घरी दोन्ही झाले. कौतुक यजमानांना वाटले, हसू आमच्या नऊ वर्षांच्या कन्येस आले, आणि सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता तू डॉक्टर होणार का?" डॉक्टर होणार नाही, सार्वजनिक आरोग्य या विषयाची पदव्युत्तर पदवी घेणार, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "ज्या पदवीने औषध देता येत नाही ती आरोग्याची कसली?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता; पण त्याचे उत्तर देण्यास मला दोन वर्षे लागली आहेत, आणि हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच एक भाग आहे.

मी मूळची बेळगावची. गेली बारा वर्षे आम्ही बंगळूर शहराच्या पूर्वेकडील बेळ्ळंदूर या भागात राहतो. माझे काम आरोग्यविम्याच्या दाव्यांचे. रुग्णालयांची देयके संगणकावर माझ्यापुढे येतात, ती तपासावयाची, त्यांची वर्गवारी करावयाची आणि पुढे पाठवावयाची. अशा कामात माणूस पाहता पाहता यंत्र होतो. परंतु मी संख्याशास्त्राची पदवीधर असल्यामुळे आकड्यांकडे नुसते पाहून पुढे जाणे मला जमत नाही. एकाच वस्तीतून एकाच महिन्यात डेंग्यूची इतकी देयके का यावीत? आजार होऊन गेल्यानंतरचा कागद माझ्या मेजावर येतो. आजार होण्यापूर्वीचा कागद कोणाच्या मेजावर असतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी या अभ्यासापर्यंत आले.

बेळ्ळंदूरला राहणाऱ्या मनुष्यास सार्वजनिक आरोग्याची ओळख करून घेण्यासाठी वास्तविक ग्रंथ उघडावयाचीही गरज नाही. खिडकी उघडली की पुरे. येथील तलाव हा बंगळुरातील सर्वांत मोठा, सुमारे 900 एकरांचा. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले, आणि त्या पाण्यातील साबणद्रव्यांमुळे त्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहू लागले. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर हा फेस रस्त्यावर उडत येई व दुचाकीस्वारांच्या अंगावर बसे. 2015 मध्ये, पुन्हा फेब्रुवारी 2017 मध्ये आणि जानेवारी 2018 मध्ये या तलावातून ज्वाळा व धूर उठताना लोकांनी पाहिले. शेवटच्या प्रसंगी आग विझविण्यास लष्कराचे हजारो जवान बोलवावे लागले. पाण्याला आग लागते हे आम्ही पुराणात ऐकले होते. येथे ते सदनिकेच्या सज्जातून दिसले. पुढे हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले.

परंतु अभ्यासाने मला पहिला धक्का दिला तो याच बाबतीत. आमच्या इमारतीतील प्रत्येक जण डेंग्यूचा दोष तलावाला देत असे. डेंग्यू पसरविणारा एडीस जातीचा डास मात्र अशा घाण पाण्याच्या वाटेस सहसा जात नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. कुंडीखालची बशी, शीतकपाटामागील ताटली, गच्चीवरचे झाकण निघालेले पिंप, ही त्याची प्रसूतिगृहे. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी कोरडी करावी, एवढाच उपाय. आमच्या मजल्यावर शोभेच्या कुंड्या सर्वांत जास्त होत्या, आणि मी विजेरी घेऊन पाहू लागले तेव्हा अळ्याही तेथेच सापडल्या. शेजारच्या भगिनींना हे सांगणे आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा कठीण होते, हे नमूद केले पाहिजे.

आता आपण विचाराल, हे शिक्षण घरबसल्या होते तरी कसे? दूर राहून शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. लंडन विद्यापीठाने 1858 सालीच बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षांचे दार उघडले. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पूर्वी टपालाने येणारी पुस्तिका आता संगणकाच्या पडद्यावर येते, व्याख्यान हवे तेव्हा ऐकता येते, आणि नैरोबीची परिचारिका व काठमांडूचा आरोग्य निरीक्षक यांच्याशी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसल्याप्रमाणे चर्चा करता येते. मी इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमास नाव घातले. तेथे वैद्यकीय पदवीची अट नव्हती. कोणत्याही शाखेची पदवी आणि आरोग्याशी संबंधित कामाचा अनुभव चालत होता.

आणि वेळ? या बाबतीत मी आपणांस गोड शब्दांत फसविणार नाही. आठवड्याला बारा ते पंधरा तास लागतात, आणि ते कोणाच्या तरी वाट्यातून घ्यावे लागतात. माझ्या बाबतीत ते झोपेतून, रविवारच्या दुपारीतून आणि कन्येच्या गोष्टींच्या वेळेतून आले. बेळ्ळंदूरच्या बाह्यवर्तुळ मार्गावर वाहनांची जी दाटी होते ती सर्वश्रुत आहे. चार किलोमीटर जाण्यास तास लागला तर कोणी आश्चर्य करीत नाही. त्या तासात कार्यालयाच्या बसमध्ये मी व्याख्याने ऐकते. रात्री नऊ ते साडेअकरा लेखन. यजमानांनी रात्रीचा ओटा आपल्याकडे घेतला, आणि तो महिनाभर नव्हे, कायमचा घेतला. घरातील एकाने शिकावयाचे ठरविले की सर्वांनाच थोडे थोडे शिकावे लागते. कन्येने मात्र माझ्याकडून करार लिहून घेतला आहे की शनिवारची संध्याकाळ अभ्यासाला मिळणार नाही.

अभ्यासाचे विषय म्हणजे रोग समाजात कसा पसरतो याचे शास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्यव्यवस्थेचे अर्थशास्त्र, पर्यावरण, पोषण इत्यादी. सर्वांबद्दल लिहीत नाही. एकच मासला देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, आपल्या देशातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी 67 बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधी 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत लहान मुलांच्या जवळपास त्याच वयोगटात हे प्रमाण सुमारे 41 निघाले होते. दोन्ही पाहण्या सरकारच्याच, दोन्ही काळजीपूर्वक केलेल्या. मग खरे काय? वयोगटात थोडा फरक आहे. परंतु मोठा फरक असा की पहिल्या पाहणीत बोटाच्या टोकाला सुई टोचून निघालेला थेंब तपासला होता, दुसरीत शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत पाठविले होते. बोट दाबून काढलेल्या थेंबात इतर द्रव मिसळला तर आकडा बदलतो. वर्तमानपत्रात आकडा वाचला की हळहळण्यापूर्वी तो कसा मोजला हे विचारावे, ही सवय मला या अभ्यासाने लावली. विम्याच्या कचेरीतही ती उपयोगी पडते, जरी वरिष्ठांना ती नेहमी आवडतेच असे नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळते.

आमच्याकडे धुणीभांडी करण्यास येणाऱ्या बाई रायचूरकडच्या. नवरा इमारतींच्या बांधकामावर, चार वर्षांचा मुलगा, आणि पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत एक खोली. मला त्या 'अक्का' म्हणतात. माझी बेळगावी कानडी ऐकून प्रथम हसल्या होत्या, पुढे सवय झाली. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना खोकला झाला. त्या स्वस्थ बसल्या नाहीत. वस्तीजवळच्या एका दवाखान्यात गेल्या, तेथे खोकल्याची बाटली मिळाली. दुसऱ्या दवाखान्यात सुई टोचून घेतली, वर गोळ्या. तिसऱ्या ठिकाणी पुन्हा बाटली. प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी आणि तीनचारशे रुपये गेले. थुंकी तपासण्याचे कोणी सुचविले नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या अभ्यासात बंगळुरातल्याच राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे जुने काम आले होते. ही संस्था 1959 मध्ये स्थापन झाली. त्या काळी सर्वत्र समजूत अशी होती की खेड्यातील माणूस अडाणी, त्याला रोगाची जाणीव नसते, म्हणून गाडीतून क्षकिरण यंत्र घेऊन घरोघर जाऊन रुग्ण शोधले पाहिजेत. या संस्थेतील देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात ही समजूत पडताळून पाहिली. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार क्षय झालेल्या बहुतेक सर्वांना आपल्याला काही तरी होत आहे याची जाणीव होती, आणि जवळजवळ निम्मे लोक स्वतःच्या पायांनी सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात जाऊन आले होते. तेथून त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. म्हणजे रोगी आला होता. दवाखान्याने त्याला ओळखले नव्हते. या विचारावर देशाचा क्षयनियंत्रण कार्यक्रम 1962 पासून उभारला गेला. जो खोकत स्वतः दारात येतो त्याची थुंकी आधी तपासा, हे त्याचे सूत्र.

साठ वर्षांपूर्वी तुमकुरात जे घडत होते ते माझ्या स्वयंपाकघरात उभे होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी बाईंना घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी असा नियमच आहे, व ती तपासणी विनामूल्य होते. यंत्र होते ट्रूनॅट नावाचे, जे बंगळूर व गोवा येथील आपल्याच लोकांनी विकसित केले आणि ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मान्यता दिली. बॅटरीवर चालते, लहान केंद्रातही ठेवता येते. सोमवारी अहवाल आला. क्षय होता, परंतु नेहमीच्या औषधांना दाद देणारा होता.

बाईंनी त्या अहवालाबद्दल एकच विचारले, "अक्का, कामावरून काढणार का?" आमच्याकडून नव्हे, इतर तीन घरांकडूनही, असा त्याचा अर्थ होता.

आमच्या घरात त्या रात्री जे झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. सासूबाईंचे एक काका मिरजेजवळील वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होते. त्यांची ताटवाटी वेगळी, अंथरूण वेगळे, आणि घरातील मुलांना त्यांच्या खोलीच्या उंबरठ्यापलीकडे बंदी. ते परत आले नाहीत. सासूबाईंच्या मनात क्षय म्हणजे तेच. "उद्यापासून तिला येऊ देऊ नकोस. घरात लेकरू आहे," त्या म्हणाल्या. यात निर्दयता नव्हती. हा भीतीचा जुना वारसा होता, आणि त्या वारशाला एके काळी कारणही होते. तेव्हा औषधच नव्हते.

मी त्यांना मद्रासच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. 1956 मध्ये तेथील क्षय-उपचार केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात, चांगले अन्न व विश्रांतीसह. दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरी, फक्त औषधे घेऊन. घरी राहिलेलेही तितकेच चांगले बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. कारण संसर्ग व्हावयाचा तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन जातो. औषधे नियमित सुरू झाली की साधारणपणे दोनेक आठवड्यांत रोग्यापासून होणारा संसर्ग पुष्कळच कमी होतो. हा एक प्रयोग भारतात झाला आणि त्याने जगभरच्या आरोग्यधामांची दारे बंद केली. सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मद्रासच्या लोकांचे मद्रासला. आपण काय करायचे ते सांग."

तेव्हा आम्ही असे ठरविले. पहिले तीन आठवडे बाईंनी घरी राहावे, पगार पूर्ण द्यावा. घरातील आम्हां सर्वांची चौकशी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. ती झाली, कोणासही काही नव्हते. इतर तीन घरांपैकी दोघांनी, बाईंच्या संमतीने सांगितल्यावर, सुटी दिली. तिसऱ्या घरी बाईंनी सांगू नये असे ठरविले, व गावी जाते म्हणून रजा घेतली. इमारतीच्या समितीस मी काही कळविले नाही. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे व्हावी हा नियम 2012 पासून आहे, आणि ती नोंद झाली होती. शेजाऱ्यांकडे नोंद करण्याचा नियम कोठेही नाही.

उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोजच्या रोज. औषधांना एक पैसा पडत नाही. वर पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यात पैसे येतात. 2018 मध्ये ही रक्कम महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. खात्याचा क्रमांक जोडण्यास मात्र तीन खेपा झाल्या. मुलाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध सुरू केले.

अन्नाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. आमच्या पिढीने ऐकलेले असे की क्षयाला दूध-अंडी हवीत. मग औषधे आली आणि अन्नाचा विषय मागे पडला. 2023 साली झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचे नेतृत्व मंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव यांच्याकडे होते. रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ व डाळ अशी शिधासामग्री दिली, तेव्हा त्या घरांतून नव्याने होणारा क्षय सुमारे 40 टक्क्यांनी घटला. तांदूळ आणि डाळ! हे मी सासूबाईंना वाचून दाखविले तेव्हा मात्र त्यांनी मद्रासप्रमाणे ते बाजूला सारले नाही. दुसऱ्या दिवसापासून तूरडाळ, शेंगदाणे व गूळ यांची पिशवी त्यांनीच भरावयास घेतली. चौथ्या आठवड्यात बाई कामावर आल्या तेव्हा त्यांचा चहाचा पेला काही दिवस वेगळाच राहिला. पण गुळाचा खडा सासूबाई त्यांच्या हातावर स्वतः ठेवीत. शास्त्र आणि भीती एकाच घरात किती दिवस शेजारी नांदू शकतात, ते मी पाहिले.

जुलै महिन्यात उपचार पूर्ण झाला. वजन साडेपाच किलोंनी वाढले होते.

वाचकहो, या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही पदवी घेऊन रोग्यावर उपचार करता येत नाहीत, नावामागे 'डॉक्टर' लावता येत नाही. वैद्यक, परिचर्या यांसारखे विषय घरबसल्या शिकविण्यास आपल्या देशात परवानगीच नाही, आणि ती नसणे योग्य आहे. ज्यांना अशा मार्गाने एखादी पदवी घ्यावयाची असेल त्यांनी शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे. जाहिरातीतील शब्दावर विसंबू नये. परदेशी विद्यापीठाची घरबसल्या मिळविलेली पदवी येथील सरकारी नोकरीत समकक्ष धरली जाईल असे गृहीत धरणे तर धोक्याचेच. मी सरकारी नोकरीसाठी शिकत नव्हते, म्हणून तो मार्ग पत्करला. आणखी एक उणीव अशी की पडद्यावर शिकलेले पाय मातीत टेकत नाहीत. आमच्या वर्गातील नैरोबीच्या परिचारिकेस रोज शंभर रुग्ण दिसत. मला आकडे दिसत. तिच्या एका वाक्याने माझ्या चार पानांचा निबंध अनेकदा रद्दबातल झाला आहे.

आता प्रबंध तेवढा उरला आहे. विषय मी असा निवडला आहे: घरकाम करणाऱ्या स्त्रियांना खोकला सुरू झाल्यापासून थुंकीची तपासणी होईपर्यंत किती दारे चढावी लागतात. नीतिसमितीने दोन वेळा प्रश्न विचारून अखेर संमती दिली. प्रश्नावली मी इंग्रजीत केली, मग कानडीत उतरविली, आणि छापण्यापूर्वी बाईंना वाचून दाखविली. पहिला प्रश्न होता, 'आपणांस क्षयरोगाची लक्षणे आहेत काय?' बाई भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्का, असे विचारलेत तर कोणी हो म्हणणार नाही. केम्मु किती दिवसांचा, तेवढेच विचारा. आणि कोणाकोणाकडे गेलात, काय दिले, किती घेतले, ते विचारा. ते सगळ्या सांगतील." केम्मु म्हणजे खोकला. मी तो प्रश्न खोडला आणि त्यांचे शब्द लिहून घेतले. पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीपासून सुरुवात करावयाची आहे. पहिली चार घरे त्या स्वतः दाखविणार आहेत.